निजलेला हंडा

धसईच्या पल्याडच्या त्या पाड्यात सूर्याच्या पाट्या बसल्या त्या साऱ्यांच्या हातांनी. कुणी खड्डे खणले, कुणी खांब धरले. ऊन पडलं की मोटर चाले आणि नदीचं पाणी टेकडीवरच्या टाकीत चढे. पहिलं पाणी आलं तेव्हा धाकलूच्या बायकोनं, ठमीनं, हंडा पडवीत पालथा घातला आणि गायली,

"सूर्यदेवा, तुझ्या पायी पाणी डोंगर चढलं,
जन्माचं गो ओझं माझं पडवीत निजलं."

पाट्यांची राखण गावानं धाकलूकडे दिली. देवळाची करावी तशी त्यानं ती केली. भोवती काटेरी तार ओढली, फाटकाला कुलूप घातलं. म्हाताऱ्या बुधीची शेरडं फिरकली की तो दगड भिरकावी.

"शेरडं काय पाट्या खातात रं धाकल्या? गवत तरी खाऊ दे," बुधी चिडवायची. तो हसण्यावारी नेई. पावसाळ्यात तारेआत गवत कमरेला लागलं, उन्हाळ्यात सोन्यासारखं वाळलं. त्याला ते शोभेचं वाटे.

वैशाखात शेजारच्याच आपल्या वाफ्यात त्यानं भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतला. पाला, शेण, वर माती. बाप पेटवायचा तसाच, वारा पडलेला बघून. कुठूनशी वावटळ उठली. एक जळतं पान तारेवरून आत वाळल्या गवतात पडलं.

मग नुसता जाळाचा आवाज, धडधड. धाकलू हातात ओला डहाळा घेऊन आपल्याच तारेशी उभा. किल्ली कमरेला होती, तरी बोटांना सापडेना. माणसं धावत आली तोवर पाट्या तडकल्या होत्या, वायरी वितळून ठिबकत होत्या.

कुणी त्याला शिवी दिली नाही. सारे खाली बघत होते. धाकलूनंही बघितलं. काळं सारं तारेच्या आत. बाहेर, जिथं शेरडांनी माळ चाटूनपुसून ठेवला होता, तिथं एक काडीही जळली नव्हती.

संध्याकाळी ठमी हंडा सुलटा करू लागली. त्यानं तो तिच्या हातातून घेतला.

"तुमाला नाय जमायचं," ती हळू म्हणाली. "चुंबळ लागते."

त्यानं खांद्यावरच्या टॉवेलाची चुंबळ वळली, हंडा डोईवर घेतला आणि नदीची वाट धरली. माळाशी बुधीची शेरडं उभी होती. त्यानं दगड उचलला नाही. कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं.

शेरडं आत गेली, राख हुंगली आणि परत फिरली.