भट्टीतला ढोलवाला

कारखान्यात वॉशबेसिनं बनत. पांढरी, गुळगुळीत, एकासारखी एक. भट्टीकाका सत्तावीस वर्षं ती लोखंडी गाडीवर रचत आले होते. गाडी भट्टीत ढकलायची, माल भाजून निघाला की बाहेर ओढायची, हे त्यांचं काम. बेसिन गोल आणि गाडी चौकोनी, त्यामुळे कोपऱ्यांत वीतभर जागा रिकामी राहायची. त्या जागेवर काकांचा डोळा होता.

साच्याच्या कडेने निघालेली माती टाकूनच द्यायची असे. काका तिचा गोळा खिशात घालत, जेवणाच्या सुट्टीत भिंतीआड बसून त्यातून काहीतरी घडवत आणि वाळलं की गुपचूप गाडीच्या कोपऱ्यात सरकवत. यंदा नातीसाठी मातीचा बँड घडत होता. बारा वाजवणारे. अकरा जण तिच्या खिडकीत ओळीने उभे होते, ढोलवाला तेवढा राहिला होता. नात रोज संध्याकाळी दारातच चौकशी करायची. काका दोन महिन्यांनी निवृत्त होणार होते, त्यानंतर भट्टी कुठून आणायची?

अशात नव्या मॅनेजरबाई आल्या. त्यांनी सगळ्यांना एकेक कागद वाटला. तुमचा छंद कोणता ते लिहा, बुधवारी जेवणानंतर एक तास त्यासाठी मिळेल, पगार कापणार नाही. लोकांनी कागद उलटून पालटून पाहिला. आधीच्या मॅनेजरनेही असंच गोड बोलून घरी मोकळा वेळ कोणाला असतो ते विचारलं होतं, आणि खरं सांगणाऱ्यांच्या गळ्यात रविवारची पाळी पडली होती. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावलेला. चौतीस कागद परत आले आणि चौतिसांवर उत्तर एकच, छंद नाही. साचेवाल्याने तर 'पूर्वीही नव्हता' अशी पुस्ती जोडली. काकांनीही दोन शब्द लिहिले आणि खिशातला मातीचा गोळा चाचपला.

ढोलवाला घडून झाला, त्याचा ढोल मोठा, चांगला भरीव. तो आठवडाभर वाळायला हवा हे काकांइतकं कोणाला ठाऊक? पण नातीने आदल्या संध्याकाळी अकरा जणांच्या पुढे रिकामी आगपेटी मांडून ठेवली होती, ढोलवाल्याची जागा म्हणून. काकांना राहवेना. तिसऱ्याच दिवशी त्यांनी ढोलवाला गाडीवर चढवला.

तो भट्टीत फुटला. गाडी बाहेर आली तेव्हा त्याच्या ठिकऱ्या शेजारच्या बेसिनच्या चकाकीत, म्हणजे वरच्या काचेसारख्या थरात, रुतून बसल्या होत्या. मधोमध एक इवलासा हात, मुठीत ढोलाचं टिपरू. काका बेसिन उचलणार तोच तपासनीस आला. त्याने चष्मा कपाळावरच ठेवून बेसिनवर बोट फिरवलं आणि जाहीर केलं, चकाकीत कचरा. चकाकी फवारायचं काम वहिनीचं. तिच्या नवऱ्याला कोणी पाहिलं नव्हतं, तरी सगळ्या कारखान्याची ती वहिनी. या महिन्यात तिच्या नावावर दोन चुका आधीच लागल्या होत्या. तिसरी लागली की रवानगी गोदामात.

वहिनीने तो हात पाहिला, मग काकांकडे पाहिलं, आणि परत आपल्या फवाऱ्याकडे वळली. चार शिव्या घातल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. गप्प राहिलं तर कोपरा शाबूत, ढोलवाला पुन्हा करता येईल. बोललं तर कोपराही गेला आणि शेवटच्या दोन महिन्यांची अब्रूही गेली. जेवणाच्या सुट्टीत काकांनी डबा उघडला. अर्धा डबा तसाच बंद करून ते उठले, बेसिन खांद्यावर घेतलं आणि थेट मॅनेजरबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"यात वहिनीचा दोष नाही, मॅडम. हा माझा ढोलवाला आहे."

मग अकरा वाजवणारे, नात, आगपेटी, ओला ढोल, सगळं सांगून झालं. बाई त्या इवल्या हाताकडे बघत राहिल्या.

"कागदावर तर तुम्ही छंद नाही असं लिहिलंत."

"छंद मोठ्या लोकांना असतात. माझे आपले हात वळवळतात."

बाईंनी हसू दाबलं. वहिनीची चूक त्यांनी तिथेच खोडली. आणि काकांना शिक्षा सुनावली. बुधवारी सगळ्यांसमोर बसून दुसरा ढोलवाला करायचा, न फुटणारा, आणि बाकीच्यांना शिकवायचा.

बुधवारी काका मधोमध बसले आणि हात आखडलेच. भिंतीआड सरसर चालणारी बोटं इतक्या जणांसमोर लाकडाची झाली. ढोलाचा भोपळा झाला, ढोलवाल्याची मान गळाली.

"काका," वहिनी म्हणाली, "याला आधी जेवायला घाला, मग वाजवायला लावा."

सगळे हसले, काकाही हसले, आणि बोटं सुटली. ढोल आतून पोकळ करायचा, तळाला भोक ठेवायचं, आठवडाभर हात लावायचा नाही, असं ते सांगत गेले. कोणी न सांगता वहिनीने गोळा उचलला. साचेवाल्याने एक घोडा इतका झटपट केला की त्याला पूर्वीही छंद नव्हता यावर कोणाचा विश्वास बसेना.

पुढच्या आठवड्यात गाडीचे चारही कोपरे भरले. बाईंनी मांजर केलं होतं. ते एका कानानिशी बाहेर आलं. ढोलवाला अख्खा आला.

त्या संध्याकाळी आगपेटी उचलली गेली. नातीने ढोलवाल्याला जागेवर उभं केलं, निरखून पाहिलं आणि तक्रार केली, "आबा, हा फार हसतोय."

खराब बेसिन जेवणाच्या खोलीत बसवलं गेलं. आता हात धुताना प्रत्येक जण त्या टिपरूवर एक टिचकी मारतो. काका निवृत्त झाले, तरी बुधवारी जेवणानंतर येतात. त्यांचा कागद बाईंनी त्यांच्याकडूनच पुन्हा भरून घेतला आहे. छंद या शब्दापुढे लिहिलंय, हात वळवळतात.