लवूचं विनोदी चित्र

"थांब, थांब," अण्णा जोगळेकर उपरण्याने डोळे पुसत म्हणाले. "दारात नवरा उभा. मग ती काय करते?"

लवू मांडवकर ओटीवरून उठला. खांद्यावरचा पंचा त्याने पदरासारखा डोक्यावर ओढला, दाराकडे बोट दाखवून "भूत, भूत" असं बारीक आवाजात किंचाळला आणि धडपडत मागे पडला. अण्णांना ठसका लागला. आतून अण्णांच्या बायकोचं, कुसुमवहिनींचं, हसणं ऐकू आलं.

"आणि तो भगत?"

"भगत येऊन सांगतो, मेलेला नवरा मीच परत आणला. आता बकरा द्या."

"दिलान?"

"दिलान की."

"झकास." अण्णा मोठ्या बागायतीचे धनी, खूश झाले की हात सैल सोडायचे. "किती लागतील म्हणालास?"

"आठशे. दोन रिळांचं मुकं चित्र. कॅमेरा घरचाच आहे."

ते खरं होतं. बोलपट आले तशी मुंबईतली त्याची मूकपटांची कंपनी बुडाली, आणि चार महिन्यांच्या पगाराऐवजी मालकाने हाताने फिरवायचा जुना कॅमेरा त्याच्या गळ्यात मारला. तो घेऊन लवू रत्नागिरीला परतला आणि दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरू लागला.

अण्णांनी आपली वर्गणी म्हणून पन्नास रुपये पुढे केले. "एवढं कर, भगत आपल्याकडचा दाखवू नको. घाटावरचा दाखव. आणि शेवटी त्याचं थोडं खरं ठरू दे. लोकांच्या श्रद्धेला उगाच धक्का कशाला?"

लवूने दात आवळून नोटा घेतल्या. तो भगत घाटावरचा नव्हता. देवरुखाजवळचा शिवा भगत होता, आणि जिच्यावर अण्णा हसले ती लवूची धाकटी बहीण तुळसा होती. गिरणीच्या संपात तिच्या नवऱ्याची, रघूची, मुंबईतली खोली सुटली आणि चार महिने पत्र आलं नाही. शिवाने डोळे मिटून सांगितलं, पाण्यात दिसतोय, संपला. तुळसाच्या बांगड्या फुटल्या, तेरावं झालं. आठ महिन्यांनी रघू धडधाकट परत आला. तुळसाच्या सासऱ्याने भगताला बकरा दिला. पण "जिनी माजा तेरावा घातलान तिच्या हातचा मी जेवनार नाय," असं म्हणून रघू मुंबईला गेला तो कायमचा. तेव्हापासून तुळसा भावाकडे राहून बाजारात भाजी विकत होती.

शिवाचं हसं करायचं, जत्रेजत्रेत तंबू ठोकून करायचं, एवढंच लवूच्या डोक्यात होतं.

आठ दिवसांनी कोर्टाच्या तारखेला शिवा भगत रत्नागिरीला आला, तो काम आटपून थेट लवूच्या पडवीत येऊन बसला. चित्राची बातमी त्याला कोर्टाच्या आवारातच लागली होती.

"किती कमी पडतायत?" त्याने पान जुळवत विचारलं.

"ऊठ इथून."

"तीनशे देतंय. फकस्त नाव माजाच घाल. गावाचं पन घाल."

"लोक तुला हसणार आहेत."

"हसूंदेत. हसनारा मानूस घरी जाऊन इच्यार करतो, खरा असला तर? मंग तोच मागल्या दारानं येतो."

लवूने त्याची छत्री अंगणात भिरकावली. भगताने ती उचलली, धूळ झटकली आणि "इच्यार कर" म्हणून चालता झाला.

कधी एकदा हे तुळसाला सांगतो असं लवूला झालं. ती आली ती अर्धी भरलेली टोपली घेऊनच.

"बाजारात देवरुखकडची एक बाई भेटली," ती म्हणाली. "तू ह्या जोगळेकरांच्या घरी सांगितलेली गोष्ट बाजारात पोचलीय. सगल्यांच्या देखत म्हनाली, तुळसा, भूत भूत करून कशी वरडलीस ती दाखव गो."

"मी तुझं नाव घेतलं नव्हतं."

"नाव कशाला लागतंय? असा नशीब आनखी कोनाचा हाय?"

"मला त्या भगताला उघडा पाडायचा आहे, तुळसा."

"तो पडला? त्याच्या दारात परवा पन रांग होती. हसतायत ते मना." ती टोपली ठेवून उभीच राहिली. "दादा, तू मना एकदा तरी इचारलंस, तवा मी काय केलं?"

लवूने खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

"मी वरडले नाय. मी त्याला लगेच वळखलं. पाय धुवाला तांब्या भरून आनला. तोच मागं सरला. म्हनाला, लांब ऱ्हा. भ्याला तो."

किंचाळी लवूने रचली होती. लोक तिथेच जास्त हसतात म्हणून दर घरी तो ती थोडी लांबवत गेला होता. वर्गणीसाठी चार घरी त्याने डोक्यावर पंचा ओढला होता, आणि चारही घरी भगतापेक्षा ती बाईच जास्त रंगली होती. त्याला भगताला मारावंसं वाटत होतं. आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ज्याचे त्याला पैसे परत केले. शेवटी अण्णांकडे गेला.

"का रे? चित्राचं काय झालं?"

"मी गोष्ट चुकीची सांगितली, अण्णा. बाई किंचाळत नाही. ती पाय धुवायला पाणी आणते. नवरा मागे सरतो, लांब राहा म्हणतो, आणि न जेवता निघून जातो." मग तो म्हणाला, "ती माझी बहीण."

अण्णांनी नोटांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अरे, पण मग यात हसायचं काय?"

लवू पायरीवर उभा राहिला. अण्णा नुसते ओठांत हसले असते तरी त्याला हात उचलायला निमित्त मिळालं असतं. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या. अण्णा हसले नाहीत. आतही कोणी हसलं नाही.

"काही नाही," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

बाजारात तुळसा रोजच्याच जागी बसली होती. देवरुखकडची ती बाई समोरच होती. तुळसा मुळ्याच्या जुड्यांवर पाणी मारत होती. एका गिऱ्हाइकाने भाव विचारला. तिने मान वर केली आणि भाजीवाल्यांच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा सांगितला.