मेलेल्या वळूचं वासरू

“मेलेल्या वळूचं वासरू जितं कसं निघंल, एवढंच मला सांगा डाक्टर,” केशरबाई म्हणाली. तिच्या गायीला पहाटेपासून कळा सुटल्या होत्या, पण गायीपेक्षा बाईच जास्त कण्हत होती.

गहिनीनाथ काही डॉक्टर नव्हता. गायी भरवायची इंजेक्शनं द्यायला दूध संस्थेनं ठेवलेला माणूस. पण हातात सुई दिसली की गाव डॉक्टरच म्हणतं. बाह्या वर सारत तो म्हणाला, “मावशी, झाड वाळलं म्हणून घरात ठिवलेलं बियाणं मरतं का? तसंच हाय हे. बैल गेला, बी गार डब्यात राहिलं.”

“बियाणं मीबी ठिवते कणगीत. तुमच्या डब्यातून तर धूर निघत होता.”

अंगणात हशा पिकला. शहाऐंशीचं साल. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली, सिरसाळ्याच्या बाजारात जनावरं मातीमोल चाललेली. हसायला कारणं थोडी होती, म्हणून अख्खं गाव केशरबाईच्या दारात लोटलं होतं. वळू तिकडे पुण्याकडे कधीच मरून गेलेला आणि त्याचं लेकरू आज इथे जन्मणार. कुणी म्हणे भूत निघेल, कुणी म्हणे कानावर सरकारी शिक्का घेऊनच निघेल.

गर्दीच्या मागे, बाभळीला टेकून, सटवा उभा होता. लोकांनी एकमेकांना कोपरं मारली.

गावचा वळू सटवाकडे असे. नाव शेंदऱ्या, रंगानं लालभडक, चालला की वशिंड डुलायचं. बायको वारली, लेक नांदायला गेली, तेव्हापासून सटवाचं गणगोत म्हणजे हा बैल. गावातल्या निम्म्या गायी शेंदऱ्याच्या बायका होत्या आणि उरलेल्या लेकी, त्यामुळे सटवाचा मान गावच्या व्याह्याचा. दुष्काळात शेंदऱ्याला संस्थेच्या चारा डेपोतून कडबा मिळे. पण चेअरमन आप्पारावांनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं : केशरबाईचं वासरू धड निघालं तर यापुढे सगळ्या गायींना इंजेक्शन, आणि वळूचा कडबा बंद. कडबा बंद म्हणजे शेंदऱ्या बाजारात, आणि त्या साली बाजारातून बैल कुठे जात होते हे कुणी मोठ्यानं बोलत नसे.

“काय बे सटवा,” गर्दीतला बंकट म्हणाला, “सवतीचं लेकरू बघाया आलास?”

“आलो तर. मेलेला बैल बाप व्हायलाय. तुझ्या आज्यानं तरी बघितलंतं का असलं?”

बंकटला वाटलं, उसनं अवसान आहे. तसं नव्हतं. गाय भरवली त्या दिवसापासून सटवाच्या डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. गहिनीनाथाला वाटेत गाठून तो विचारी, डब्यात ते झोपतं का मरतं? उठवायचं कसं? कोमट पाण्यात बियाची कांडी धरतात म्हटल्यावर, “अंगोळ घालून उठवता व्हय,” म्हणून दिवसभर खुशीत. एकदा मात्र त्यानं हळूच विचारलं होतं, “आमच्या शेंदऱ्याचं ठिवता येईल का असं डब्यात?”

“मामा, तिकडं भारी दुधाच्या जातीचेच बैल घेतात.”

“बरं,” म्हणून सटवा उठला होता. दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न घेऊन पुन्हा हजर.

“पाय दिसले,” कुणीतरी ओरडलं. पाय थोराड होते आणि गाय लहान चणीची. गहिनीनाथानं दोर लावला, बंकटनं ओढ दिली, गाय हंबरली, आणि वासरू भुईवर आलं. कालवड. लालभडक गायीच्या पोटातून काळीकुट्ट कालवड, कपाळावर पांढरा चांद.

कालवड हलत नव्हती.

गायीचं रक्त थांबत नव्हतं. गहिनीनाथ दोन्ही हातांनी तिच्यात गुंतला होता. “वासराकडं बघा कुणीतरी,” तो म्हणाला. कुणी पुढे होईना. मेल्याच्या लेकराला हात लावायचा कुणी? “मेल्याचं मेलंच निघालं की,” एक म्हातारी पुटपुटली.

सटवाला काहीच करायची गरज नव्हती. नुसतं बाभळीला टेकून राहिलं की झालं. कडबा चालू राहिला असता आणि कुणी बोट दाखवलं नसतं.

तो माणसं बाजूला सारत पुढे घुसला. कालवडीच्या तोंडात बोटं घालून त्यानं चिकटा ओढून काढला. “बंकट, मागचे पाय धर. उलटी कर. बघतो काय बे नुसता?” कडब्याची एक काडी उचलून तो तिच्या नाकात फिरवू लागला. “ये बाये, ये. लई लांबून आलीस. उंबऱ्यातून माघारी कावून जातीस?”

काडी फिरत राहिली.

कालवड शिंकली, थेट त्याच्या तोंडावर.

मग जो गलका उठला तो पार डेपोपर्यंत ऐकू गेला. केशरबाई एका डोळ्यानं रडत, एका डोळ्यानं हसत गायीच्या गळ्यात पडली. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होता सटवा. चिकट्यानं माखलेलं तोंड न पुसता ज्याला त्याला सांगत होता, “मेल्याची हाय, अन् जिती हाय.”

आप्पाराव जवळ आले. “सटवा, कडब्याचं बघू काहीतरी.”

“त्यात बघायचं काय? तुमी बैठकीत बोललात, गावानं ऐकलं. आधी केशरवहिनीच्या गाईला गूळपाणी पाजा.”

वळूचा कडबा बंद झाला होता, पुढच्या बाजाराला दोन दिवस होते तेव्हाची गोष्ट. वच्छलाबाईची गाय माजावर आली होती. इंजेक्शनाला संस्थेकडे जायची वाट सटवाच्या दारावरून. बाई मात्र गाय घेऊन मागच्या ओढ्यातल्या तापलेल्या वाळूतून निघाली. सटवानं तिला पाहिलं आणि हाक मारली, “बाई, वाकडी वाट कशाला? हितून न्या. ऊन लागंल तिला.”

वच्छलाबाई खाली मान घालून दारावरून गेली. गाय हंबरली. आत शेंदऱ्यानं मान उचलली, नाकपुड्या फुलवल्या आणि साखळीला हिसका दिला.

सटवा उठून त्याच्याजवळ गेला. गाय वळणाआड जाईपर्यंत त्याच्या वशिंडावरून हात फिरवत राहिला.

“बस,” तो म्हणाला. “आपल्याला न्हाई बोलावलं.”