उजवीकडे न वळणारी गाडी

लेथवाल्याच्या पत्राला मी चौदा महिने उत्तर दिलं नाही. पत्र मोठं नव्हतं. अक्षर थरथरतं, पण ओळी फूटपट्टी लावल्यासारख्या सरळ. माझा पत्ता त्यानं गाडीच्या आधीच्या मालकाकडून मिळवला होता.

"साहेब, तुमच्या गाडीचं पुढचं काम माझ्या हातचं आहे. त्या हिवाळ्यात मी तशा तीन गाड्या केल्या. वेल्डिंगच्या रॉडचं एक पुडकं ओल धरलेलं होतं, हे मला फार उशिरा समजलं. त्यातले रॉड सहापैकी कुठल्यातरी एका आर्मला वापरले गेलेत. कुठल्या, ते आठवत नाही. असा जोड वरून छान दिसतो आणि आतून फुटत जातो. रंग खरवडून बघा. चीर नसली तरी दोन ओळी लिहा. तोवर माझ्या डोळ्याला डोळा लागायचा नाही."

गाडी जपानी, दोन दारांची, त्र्याहत्तर सालची. आरसे दारांवर नाहीत, पार पुढे चाकांवरच्या पत्र्यावर, गोगलगायीच्या डोळ्यांसारखे. आधीच्या मालकानं ती चार बोटं खाली बसवली, रुंद चाकं लावली, दोन कार्बोरेटर चढवले आणि असा सायलेन्सर घातला की शेजारची खिडकी आपोआप बंद होते. पण खरी गंमत स्टिअरिंगमध्ये होती. पुढच्या प्रत्येक चाकामागे एक लोखंडी आर्म असतो. आपण स्टिअरिंग फिरवलं की तो चाकाला वळवतो. लेथवाल्यानं ते दोन्ही आर्म कापून बोटभर आखूड केले आणि पुन्हा जोडले. त्यामुळे मनगट जरा हललं की गाडी वळायची. मनात आलं आणि वळली, इतकी झटकन.

मी आयुष्यभर ग्रंथालयात सूची करत बसलो. रांगेत कुणी पुढे घुसलं तर मीच "माफ करा" म्हणतो. त्या गाडीत मात्र माझं कुणीतरी ऐकत होतं. आता गंमत आणि धोका एकाच जोडात होते. आर्म बदलले असते तर धोका गेला असता आणि उरली असती एक जुनी, गोंगाट करणारी गाडी, आणि तिच्यात बसलेला मी.

उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. मायना जमेना. 'आपण कळविल्याप्रमाणे' फार कोरडं, 'प्रिय मित्र' फार सलगीचं. अकरा मसुदे फाडले. मग धातू कसा थकतो यावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि दोनदा वाचलं. रंग खरवडायला दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं मला सापडली नाहीत.

सहाव्या महिन्यात एक कार्ड आलं. "बाकी दोघांचं उत्तर आलं. चारही आर्म ठीक. राहिले तुमचे दोन." खाली सही. मी ते पुस्तकात, थकलेल्या धातूच्या प्रकरणात ठेवून दिलं.

त्यानंतर डावीकडून आवाज यायला लागला. सावकाश वळताना एकदाच, कुणी बोट मोडावं तसा. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकावर येतो, हे पुस्तकात होतं. म्हणून मी उजवीकडे वळणं सोडलं. एका उजव्या वळणाऐवजी तीन डावी घेतली की माणूस तिथंच पोचतो. मी तसे रस्ते वहीत आखून ठेवले. शंका खरी वाटत नव्हती म्हणावं, तर ही वही कशासाठी होती?

दर मंगळवारी मी ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात नेत असे. ती डाव्या सीटवर बसायची.

"ही गाडी आहे का विहीर?" आत उतरताना ती दर वेळी म्हणायची. "आणि आज परत पेठेला वळसा? दवाखाना तो समोर दिसतोय! माझी काय वरात काढलीयस?"

"तिकडे गर्दी असते, ताई."

"कसली गर्दी? कुत्रंसुद्धा नाही तिथं. वाचस्पती, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी हसायचो. बोट मोडल्याचा आवाज आला की रेडिओ मोठा करायचो. ताईला वाटायचं, मला गाणी आवडायला लागली.

ताईची मुलगी सामानाची व्हॅन चालवते. दिवसाला दोनशे किलोमीटर, तोंडात च्युइंग गम. गेल्या महिन्यात, एका शनिवारी जेवताना ती म्हणाली, "मामा, उद्या घाटावर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तू तर लाजून जाणार नाहीस. मी नेते गाडी. आईलाही नेते."

"तिला बरं नाही," मी म्हणालो.

"मला काय झालंय?" ताई म्हणाली. "गुडघा दुखतो, बाकी घोडी आहे मी."

"म्हणजे, गाडीला."

"काय झालंय गाडीला?"

तिथं सांगायला हवं होतं. ओठावर आलं होतं. पण सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता, तुला कधीपासून माहीत आहे? मी म्हणालो, "काही नाही. जरा जपून."

रविवारी सकाळी नऊला मी भाचीला किल्ली दिली. हो, दिली. हात लांब करून, तिच्या तळव्यावर ठेवली. ताईनं नवी ओढणी डोक्याला बांधली होती आणि मांडीवर डबा होता. गाडी गल्लीच्या टोकाला गेली आणि थांबली. उजवा इंडिकेटर लागला. पिवळा दिवा लुकलुकत होता आणि मी फाटकाला धरून उभा होतो.

"थांबा!" मी ओरडलो. जन्मात पहिल्यांदा ओरडलो असेन. शेजारी गॅलरीत आले. पण त्या सायलेन्सरपुढे माझा आवाज म्हणजे काहीच नाही. गाडी उजवीकडे वळली आणि भिंतीआड गेली.

मी कान देऊन उभा राहिलो. काही आपटल्याचं ऐकू आलं नाही. फोन लावला. भाची चालवताना उचलत नाही, शहाणी मुलगी आहे. ताईला त्या सायलेन्सरपुढे रिंग ऐकू जात नाही. मग एकच विचार सुचला. दोन कार्बोरेटरची गाडी, टाकी अर्धी. घाट चढायच्या आधी ती शेवटच्या पंपावर थांबणार. पंप दीड किलोमीटर. मी घरच्या सपाता घालूनच पळायला लागलो. रस्त्याच्या प्रत्येक वळणावर आधी पुढे बघायची भीती वाटायची, मग बघायचो. रस्ता मोकळा. पुन्हा वळण.

गाडी पंपावर होती. भाची पैसे देऊन टाकीचं झाकण लावत होती.

"मामा? अरे, काय झालं? घामाघूम झालायस!"

"सुरू करू नकोस." श्वास पुरेना. "डाव्या चाकामागे. आर्म. रंग खरवड."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं, पंपावरच्या माणसाकडून तारेचा ब्रश आणि टॉर्च मागितला आणि चाकाशेजारी आडवी झाली. काळा रंग पापुद्र्यांनी पडू लागला. मग ब्रश थांबला.

"बघ," ती म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसलो. जोडाच्या कडेनं एक तांबूस रेघ होती, केसाएवढी. वरून निघून मागं गेली होती आणि खालून परत येत होती. दोन टोकांमध्ये नखाएवढं लोखंड धड होतं.

पंपावरचा माणूस वाकून म्हणाला, "घाटात पहिल्याच वळणाला गेली असती. नशीब तुमचं, काकांना वेळेवर समजलं."

"मामा," भाची आडवीच होती, आवाज अगदी हळू, "तुला कधी समजलं?"

"चौदा महिने झाले."

"म्हणून उजवीकडे वळत नव्हतास."

"हो."

गाडीची काच खाली होती. ताईनं सगळं ऐकलं होतं. ती डबा मांडीवर धरून समोर बघत राहिली. "आणि मंगळवारी?" तिनं विचारलं. "मंगळवारी मी कुठं बसायचे?"

  दार उघडून ती उतरायला लागली. मी हात पुढे केला. तिनं दाराची चौकट धरली, दोनदा परत खाली बसली, तिसऱ्यांदा उठली आणि रिक्षाकडे चालत गेली.  ताई न बोलता गेली, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

गाडी ट्रकवर चढवून नेली. घरी आलो तेव्हा भाची माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली. मी काढून दिलेलं पत्र आणि कार्ड तिचं वाचून झालं होतं.

"लिही," ती म्हणाली.

मला मायना सुचेना. ती म्हणाली, "नमस्कार लिही. माणूसच आहे ना तो?"

मी लिहिलं. नमस्कार. ओल्या रॉडचा आर्म माझ्या गाडीचा, डावा. चीर जवळजवळ पूर्ण फिरली आहे. कुणाला इजा झाली नाही. आपलं पत्र मला वेळेवर मिळालं होतं.

तिनं वाचलं. "शेवटचं वाक्य अपुरं आहे."

मी पुढे लिहिलं. मी बघितलं नाही, कारण मला गाडी सोडायची नव्हती. या काळात मी माझ्या बहिणीला दर आठवड्याला त्या बाजूला बसवत होतो. आज हे समजल्यावर ती माझा हात न धरता रिक्षानं निघून गेली. आपलं काही चुकलं असेल तर ते आपण सांगितलंत. मी सांगितलं नाही.

भाची उठली. "मी टाकते जाताना."

"नको. मी टाकतो."

पोस्टाची पेटी चौकापलीकडे होती. ती फाटकात उभी राहून बघत होती, मी खरंच जातो का ते. पाकीट फटीत सरकवलं. पडल्याचा आवाज आला नाही. कुठं अडकलं की काय म्हणून मी बोटं आत घालून चाचपलं. आत काही नव्हतं. गेलं होतं.