भाव जरा कमी करा

सगळं शहर त्यांना भावोजी म्हणायचं, आणि नात्याचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. रोज दुपारी दोन वाजता रेडिओवर बाजारभाव वाचणारा माणूस, म्हणून भावोजी. दूधवाला म्हणायचा, बँकेतली कॅशियर म्हणायची, रेडिओ केंद्राचे संचालकसुद्धा मीटिंगमध्ये चुकून म्हणून जायचे. या हिशेबानं त्यांची बायको साऱ्या शहराची बहीण झाली होती आणि तिला त्याचा भयंकर राग यायचा. "एवढी भावंडं असून नळ गळायला लागला की एक जण फिरकत नाही," असं ती म्हणायची.

आता बाजारभाव ही काय कान देऊन ऐकायची गोष्ट आहे? जगात कुठंही नाही. पण या गृहस्थांची तऱ्हाच निराळी. ते भाव वाचायचे ते भावासकट. साखर जराशी उतरली की त्यांच्या आवाजात हसू फुटायचं. तेल चढलं की घरात कुणी आजारी असल्यासारखे हळू बोलायचे. "लिंबू…" म्हणून थांबायचे, आणि तेवढ्यात हजार बायकांचा जीव टांगणीला लागायचा. कांद्यापाशी तर त्यांचा गळा दाटून यायचा, आणि ते नाटक नव्हतं हो! खरंच यायचा.

दोनची वेळही अशी की जेवणं झालेली, पडदे ओढलेले, पंखे घरघरतायत. अर्धं शहर आडवं झालेलं आणि अर्धं खुर्चीत पेंगत असलेलं. त्या गुंगीत भावोजींचा आवाज खिडक्याखिडक्यांतून आत शिरायचा आणि सरळ लोकांच्या स्वप्नात जाऊन बसायचा. कुणाच्या स्वप्नात बटाटे एकामागून एक जिना चढून यायचे. एका निवृत्त न्यायाधीशांना मसुराची डाळ तळ्याच्या पाण्यावरून चालत लांब जाताना दिसायची, आणि ते झोपेतच तिला हाका मारायचे. मग लोक डोळे पुसत उठायचे, सरकारला दोन शिव्या हासडायचे आणि चहाचं आधण ठेवायचे.

घरी मात्र सगळा आनंद होता. दोनच्या भावात यांचा सगळा भाव खर्च व्हायचा, संध्याकाळी घरी यायचा तो नुसता माणूस. बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायची. हात इतका हलका की म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिनंच बसवलेली काच हवी असायची. ती घरी येऊन दिवसभराचं सांगायची. हे म्हणायचे, "बरं." मुलीला बढती मिळाली. "छान झालं." भाजी खारट झाली का? "ठीक आहे." सगळं एका पट्टीत, वर नाही की खाली नाही. कांद्यासाठी रडणारा माणूस सासूबाई, म्हणजे तिची आई, गेल्या तेव्हा "वाईट झालं" एवढंच म्हणाला होता, आणि ते बायको विसरली नव्हती.

त्या आठवड्यात तिच्या ताईचा फोन आला. ताईचं दुसऱ्या गावात चष्म्यांचं दुकान होतं, ते वाढलं होतं. तू ये, इथंच राहा, भागीदारीत चालवू, असं ती म्हणत होती. उत्तर शनिवारपर्यंत हवं होतं.

"जाऊ का मी?" बायकोनं विचारलं.

नको जाऊस, असं भावोजींच्या अगदी ओठांवर आलं. पण बाहेर पडलं ते भलतंच. "बघ बाई, तुझं तू ठरव."

बायको ताटं उचलून आत गेली. भावोजी तिथंच बसून राहिले. अरे, एवढे दोन शब्द येत नाहीत तुला? लाज वाटली पाहिजे, असं ते स्वतःलाच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर अर्थमंत्र्यांच्या सहायकाचा फोन आला. निवडणूक तोंडावर आली होती. त्यात मंत्र्यांच्या सासूबाई रोज दुपारी भावोजींना ऐकून रडायच्या आणि संध्याकाळी जावयाला फैलावर घ्यायच्या. महागाईवर सभागृहात उत्तर देणं सोपं, सासूबाईंना कोण उत्तर देणार? तेव्हा सहायक म्हणाला, "साहेबांचं एक सांगणं आहे. भाव जरा कमी करा. फार होतात."

"मी करू?" भावोजींनी चकित होऊन विचारलं.

"मग कोण करणार? तुमच्याच हातात आहे."

"किती कमी करू?"

"तुमच्या मनाला पटेल तितके. लोकांना हलकं वाटलं पाहिजे."

फोन ठेवून भावोजी बराच वेळ छताकडे बघत बसले. तर हे असं असतं होय! मागणी काय, पुरवठा काय, जाडजाड चष्म्यांचे तज्ज्ञ काय, आणि शेवटी एक फोन येतो आणि तुमच्या मनाला पटेल तितके. इतकी वर्षं आपण उगीचच रडलो. त्यांनी समोरचा कागद घेतला, पेन काढलं, आणि एकेका वस्तूच्या डोक्यावरचं ओझं उतरवावं तसा एकेक भाव खाली आणला. लिंबाचा तर त्यांनी लाडानं अगदीच नगण्य करून टाकला. आणि दोन वाजता सगळे भाव वाचले, हसऱ्या आवाजात.

त्या दुपारी शहराला जे झालं त्याला काय म्हणावं कळत नाही. लोक झोपेतून उठले तेच हसत. पिशव्या घेऊन खाली उतरले, काहींच्या गालावर अजून उशीचे वळ होते. दुकानदारांनीही रेडिओ ऐकला होता. वरून उतरले असणार, असं त्यांना वाटलं. वरच्यांना वाटलं, त्याच्याही वरून उतरले असतील. सगळ्यात वर कोण आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे कुणी अडून बसलं नाही. तसा भाव हा सगळा ऐकीव मामलाच आहे म्हणा. आणि त्या दिवशी लोकांनी चांगलं ऐकलं होतं.

भावोजी रस्त्यानं तरंगल्यासारखे चालत होते. ऊन मऊ पडलं होतं. दोन कट्टर पक्षांचे कार्यकर्ते एकाच टरबुजाला दोन्हीकडून धरून रस्ता ओलांडत होते. बँकेतली कॅशियर तोंडाला लिंबू लावून चोखत उभी होती, आंबट तोंड करत होती आणि पुन्हा चोखत होती. निवृत्त न्यायाधीश मसुराची पिशवी छातीशी धरून म्हणत होते, "आली शेवटी, आली." कुणी कुणाला ढकलत नव्हतं. एक किराणावाला तर माप भरून झाल्यावर वर मूठभर टाकत होता आणि आपल्याच हाताकडे आश्चर्यानं बघत होता.

चष्म्याच्या दुकानाबाहेर बायको उभी होती, हातात द्राक्षांची पिशवी. "अहो, ऐकलंत का? म्हणजे तुम्हीच सांगितलंत म्हणा!" ती हसली. तिला असं हसताना भावोजींनी किती तरी दिवसांत बघितलं नव्हतं. दोघं बागेतल्या बाकावर जाऊन बसली आणि द्राक्षं खाऊ लागली. वारा इतका मंद होता की झाडाची पानं हलताना दिसायची पण आवाज यायचा नाही. बायको म्हणाली, "ताईला काय कळवू?"

आता म्हणायचं, असं भावोजींनी ठरवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून एक अनोळखी गृहस्थ हात पसरून धावत आले. "भावोजी! तुमच्या तोंडात साखर पडो!" त्यांनी भावोजींना मिठी मारली, बाईंना नमस्कार केला, चार द्राक्षं तोंडात टाकली आणि गेले. वेळ निघून गेली ती गेलीच.

"तुझं तू ठरव," भावोजी म्हणाले.

बायकोनं उरलेली द्राक्षं पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली.

शनिवारी सकाळी सहायक स्वतःच केंद्रावर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, तुमचे भाव कमी करा म्हटलं होतं मी! तुमचे! आवाजातले! बाजाराचे नाही!"

भावोजींनी कालचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"मुद्द्याचं सांगू? साहेबांची पंचाईत झाली आहे," सहायक खुर्चीत कोसळला. "पक्षाच्या लोकांनी काल संध्याकाळीच आभाराचे फलक लावले. विरोधक म्हणतायत, आमच्या मोर्चाला घाबरून भाव उतरवले. विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांनी सकाळच्या पेपरात लेख लिहिलाय, हे असं होणार हे त्यांना आधीच माहीत होतं. आणि व्यापाऱ्यांनी रात्रीतून एकमेकांना फोन केले. कुणीच उतरवले नव्हते हे त्यांना कळलं. आता भाव पूर्वीपेक्षा वर गेलेत."

"मग आज सांगू का, की ते भावनेच्या भरात कमी झाले होते म्हणून?"

सहायकानं कपाळाला हात लावला. "काही सांगू नका. आज खरे भाव वाचा. पण सपाट, कुणाला जाग येता कामा नये. जमेल?"

"जमेल," भावोजी म्हणाले. "घरी सवय आहे."

दुपारी दोन वाजता लाल दिवा लागला. काचेपलीकडे ध्वनियंत्राशी नेहमीच्या तंत्रज्ञ बाई बसल्या होत्या. भावोजींनी सुरुवात केली. गहू, चढा. तांदूळ, चढा. तेल, फार चढं. आवाज वर नाही की खाली नाही. कानावरच्या हेडफोनमधून तो त्यांना परत ऐकू येत होता, आणि चार-पाच वस्तू झाल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला. हा आवाज त्यांनी स्वतः कधी ऐकलाच नव्हता! घरातला आवाज होता हा. बाई गं, याच्या समोर बसून तू रोज जेवलीस? तुझी आई गेली तेव्हा तुला हे ऐकू आलं?

काचेपलीकडे तंत्रज्ञ बाईंची मान हळूहळू कलली आणि हातावर टेकली. बाहेर शहरात, भावोजींना न बघताही कळत होतं, एकेक खोली झोपेत बुडत होती. आज कुणाच्या स्वप्नात काही जिना चढून येत नव्हतं. नुसती शांत, सपाट झोप. शहर झोपलंय तर भीती कुणाची? आणि तिची शनिवारी अर्धी सुट्टी असते, ती घरी रेडिओपाशीच असेल.

"बटाटे, चढे," भावोजी वाचत होते. "साखर, चढी. जाऊ नकोस. मसूर, चढी. मला करमणार नाही. कांदे, चढे. आईच्या वेळी मला बोलता आलं नाही. लिंबू, मिळत नाही. बाजारभाव संपले."

ते घरी निघाले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. रिक्षावाला रिक्षात झोपला होता, पोलीस चौकीच्या पायरीवर, किराणावाला तराजूशेजारी. आभाराचा एक फलक एका बाजूनं सुटून वाऱ्यावर हलके हलके हेलकावे घेत होता, त्यावरचे मंत्री वर जायचे, खाली यायचे. भावोजींना वाटलं, आपणच यांच्या स्वप्नात चालतोय.

दार उघडंच होतं. बायको कोचावर उठून बसत होती, केस विस्कटलेले, डोळे जड. रेडिओ शेजारी चालू होता.

"आलात? अहो, गंमतच झाली. तुमचं ऐकताना आज पहिल्यांदाच डोळा लागला," ती म्हणाली. "इतर दिवशी कुणी परकाच माणूस बोलतोय असं वाटतं. आज वाटलं, तुम्हीच शेजारी बसलायत. दोन मिनिटांत गाढ झोपले बघा."

"म्हणजे तू ऐकलंच नाहीस?"

"गव्हापर्यंत ऐकलं. का? काही विशेष?"

भावोजी खुर्चीत बसले. काही नाही, असं म्हणणारच होते. तेवढ्यात फोन वाजला. ताईचा होता. बायकोनं तो हातात घेतला, पण उचलला नाही. वाजू दिला, आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"जाऊ नकोस," भावोजी म्हणाले.

त्याच सपाट आवाजात. ना गळा दाटला, ना कुठं थांबले. दुसरा आवाज त्यांच्याकडे आता नव्हताच.

"वाचून दाखवताय की सांगताय?"

"सांगतोय."

बायकोचे डोळे भरले. तिनं पदरानं ते पुसले आणि फोन उचलला. "हं, ताई. येते मी. सोमवारी निघते."

ताईशी दोन शब्द बोलून तिनं फोन ठेवला, आणि त्यांच्या समोर येऊन बसली.

"असे काय बघताय? मला जायचंच होतं. दुकान हवंय मला, किती वर्षं दुसऱ्याच्या काचा घासायच्या?" तिनं त्यांचा हात हातात घेतला. "पण नको म्हणणारं कुणी नसलं ना, तर ते जाणं नसतं. हाकलून दिल्यासारखं वाटतं. आता जाता येईल मला."

"आणि मी?"

"तुम्ही सुट्टीच्या दिवशी यायचं. तिकडं तुमचं केंद्र लागत नाही, मी विचारून घेतलंय ताईला. जे काय असेल ते समोर बसून तोंडानं सांगावं लागेल."