तलवारीने ओढलेलं दुखणं

रविवारी दुपारी परदेशातल्या आमच्या वेंटवर्थव्हिल उपनगरात, भारतीय किराणा दुकानामागच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मराठी मंडळाच्या सभेला ज्यांना वीस फोन करावे लागतात, ती मंडळी अर्धा तास आधी येऊन बसली होती. समोर चटईवर किमोनो घालून यतिन, आणि त्याच्यापुढे लाकडी स्टँडवर सामुराईची तलवार.

यतिन पुण्याचा, माझ्यासारखाच आयटीवाला. तीन वर्षं कंपनीच्या कामाने जपानला ऑनसाइट राहिला आणि येताना म्हणे एका सामुराई घराण्याने त्याला चारशे वर्षांची ही तलवार दिली. ती अंगातलं दुखणं ओढून घेते.

"बुशिदो, सामुराईंचा धर्म, म्हणजे व्हायब्रेशन," यतिन डोळे मिटून सांगत होता. "व्हायब्रेशन म्हणजे क्वांटम. आणि क्वांटम म्हणजे शेवटी आपला प्राणच."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्याने रेशमी पुरचुंडीने पात्यावर पांढरी पूड थोपटली. गुडघेदुखीच्या शोभाताईंना एक पिवळसर कागद मिनिटभर ओठांत धरायला दिला. सामुराईसुद्धा तलवारीपुढे असाच कागद धरत, म्हणाला. तलवार गुडघ्यावरून हवेतच फिरवली आणि त्यांच्या ओठांतला कागद घेऊन पातं पुसलं. कागद लालभडक झाला.

"दुखणं बाहेर आलं," यतिन म्हणाला. हॉलभर हात जोडले गेले. शोभाताई उठून चालू लागल्या. आल्या तेव्हाही त्या चालतच आल्या होत्या, पण ते कोणाला आठवलं नाही.

खरं सांगतो, मला हेवा वाटत होता. यतिन येण्याआधी ही सगळी माणसं रविवारी माझ्या घरी जमायची. त्यातून माझी बायको रूपाली. पंधरा वर्षांत तिने माझं एक वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नाही आणि यतिनपुढे ती तासभर गप्प बसते. घरी भाजी चिरतानाही "यतिन म्हणतो" चालूच. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या संध्याकाळी तिने बीपीच्या गोळ्या कपाटात मागे सारल्या.

"माझे तीन कागद लाल झाले. आता गोळ्यांची गरज नाही, यतिन म्हणतो."

"सकाळी मशीनने एकशेसत्तर दाखवलंय. तुझे बाबा कशाने गेले, विसरलीस?"

"मशीन जुनं झालंय. आणि विनय, तुला त्याचं चांगलं बघवत नाही."

ते खरंच होतं.

जेवताना आमची ईशानी म्हणाली, "बाबा, दॅट्स सो वीअर्ड." ती शाळेत जपानी शिकते. "कागद तोंडात धरतात ते श्वासाची वाफ ब्लेडवर पडू नये म्हणून. इट रस्ट्स. ओल्या कागदाने कोणी पुसत नाही. लाइक, नेव्हर."

"आणि ती पूड?"

"दगडाची असते. जुनं तेल काढायला."

सामुराई ज्या ओलीपासून तलवार जपत होते, तीच यतिनला हवी होती. का, ते मला कळेना.

पुढच्या रविवारी मीच पाठदुखी सांगून पुढे बसलो. कागद ओठांत धरला आणि जिभेला ओळखीची चव लागली. हळदीच्या दुधाची. शर्टावर वरण सांडलं की साबण लागताच तो डाग लाल होतो, हे मी कितीदा पाहिलंय. यतिन पातं पुसायला हात पुढे करत होता, पण मी कागद दिला नाही. त्याची पुरचुंडी उचलली आणि कागदावर थोपटली. तलवारीला तो लागलाही नव्हता. कागद लाल झाला.

"नकारात्मक माणूस आला की तलवार रुसते," यतिन घाईने म्हणाला.

"रुसू दे. या पुरचुंडीतला धुण्याचा सोडा रुसत नाही."

मग माझ्याबरोबर आलेल्या ईशानीने प्रिंटरचा कोरा कागद ओठांत धरून ओला केला आणि त्याच कागदाने पातं पुसलं. कागद पांढराच राहिला. शोभाताईंनी पुढच्या दुकानातून हळद आणि धुण्याचा सोडा मागवला, तळहातावर पाण्यात कालवला. तळहात लाल झाला.

"माझी आजी घरी हळदीचंच कुंकू करायची," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी इथे हात जोडून बसले."

कोणी यतिनच्या अंगावर गेलं नाही. मी एवढंच म्हणालो, की आपण सगळे शिकलेले आहोत, रोज कॉम्प्युटरमधल्या चुका शोधून पोट भरतो. समोर चमत्कार दिसला की तोच प्रश्न विचारा: यातली एक वस्तू काढून घेतली तर काय होईल? आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.

परतताना गाडीत रूपालीने विचारलं,

"विनय, तुला हेवा वाटला नसता, तर तू हे तपासलं असतंस?"

"नसतं," मी म्हणालो. कारण यतिन माझा मित्र असता, तर मीही पहिल्या रांगेत मान डोलावत बसलो असतो. नावडत्या माणसाची परीक्षा कोणीही घेतो. आवडत्या माणसाची घ्यायला हवी.

घरी येऊन तिने गोळ्या पुढे काढल्या, एक घेतली आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणाली. मी बुद्धिप्रामाण्यावर बोलायला सुरुवात केली, तर तिने माझं वाक्य मध्येच तोडलं. मला फार बरं वाटलं.