दुकानात मात्र मी चालते

मी रॅमची पट्टी बोलतेय. कॉम्प्युटर चालू असताना हाताखालचं सगळं काम लक्षात ठेवायचं, ही माझी चाकरी. पण कारखान्यातच माझ्या एका चिपमध्ये खोट राहिली. थंड आहे तोवर मी अगदी गुणाची; तापले की सगळं विसरते.

मला विकत घेतलं ते घरी बसून लग्नाचे अल्बम बनवणाऱ्या एका ताईंनी. पहिल्याच अल्बमचे निम्मे फोटो लावून झाले आणि पडदा निळा पडला. केलेलं सगळं पाण्यात! ताईंनी कपाळाला हात लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला बसवल्यापासूनच हे सुरू झालं, म्हणून त्यांनी मला दुकानात परत नेलं. दुकानदाराने तिथल्या मशीनमध्ये बसवून दोन मिनिटं पाहिलं.

"चालतेय की, ताई! तुमच्याच कॉम्प्युटरचा काहीतरी घोळ असेल."

एसीच्या गारव्यात, दोन मिनिटांत मी कशी बिघडणार? वर त्याने भिंतीवरची पाटी दाखवली, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.'

ताई दोनदा हात हलवत परत आल्या. अल्बम द्यायचा दिवस तोंडावर आला आणि दुसरी पट्टी घ्यायला हातात पैसे नाहीत. तेव्हा सासरे म्हणाले, "सूनबाई, दुखणं घरी आणि वैद्य तिकडे, त्याला कसं कळणार? आपण सगळं बिऱ्हाडच नेऊ."

दोघांनी रिक्षातून अख्खा कॉम्प्युटर नेऊन काउंटरवर मांडला. ताई फोटोमागून फोटो लावत बसल्या. दुकानदार जांभया देत होता, बाकीची गिऱ्हाइकं माना वर करून बघत होती. मी मनात म्हणत होते, बिघड गं बाई, आज तरी बिघड! शेवटी नवरदेव तोंड उघडून घास घेतोय तो फोटो सरकवतानाच अडकला आणि पडदा निळा झाला.

"बरं, दुसरं काहीतरी घेऊन जा," दुकानदार पुटपुटला.

"मला पैसेच हवेत, दादा. खराब माल विकून पाटीमागे लपता येत नाही. नाहीतर ग्राहक मंचाकडे तक्रार करते."

इतक्या लोकांसमोर त्याला पैसे द्यावेच लागले. ताई निघाल्या. त्याने हळूच मला नव्या वेष्टनात घातलं आणि फळीवर ठेवलं. दारातून ताईंनी ते पाहिलं.

"दादा, तिच्यावर 'खराब' लिहा. माझ्यासमोर."

"अहो, तुमचे पैसे मिळाले ना?"

"मिळाले. उद्या दुसरी कुणीतरी रडत बसेल, तिचं काय?"

आता मी अडगळीच्या खोक्यात आहे. अंगावर मार्करने ठळक लिहिलंय, 'खराब'. खरं सांगते, वाईट वाटत नाही, सुटल्यासारखं वाटतं. फक्त एक विनंती आहे. कुणी ते पुसून मला पुन्हा फळीवर मांडलंच, तर तुम्ही गप्प बसू नका.